आकाशगंगेतील ताऱ्यांचा दांडा
(यवतमाळ जिल्ह्यातील शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



मे महिन्याच्या अखेरीस, अमावास्येच्या सुमारास, मध्यरात्रीनंतर पुसद किंवा दारव्ह्याकडील माळावरून दक्षिणेकडे पाहिले असता वृश्चिकाच्या नांगीजवळ आकाशगंगेचा पट्टा सर्वांत दाट दिसतो. (पथदिव्यांना वरून झाकण बसविले, तर तो गावातूनही बराच बरा दिसेल.) त्या दिशेस, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्या दीर्घिकेचे केंद्र आहे. फळ्यावर आपण ते वाटोळे काढतो. वास्तविक त्यातून ताऱ्यांचा एक लांब दांडा आरपार गेलेला आहे. मधल्या धुळीमुळे तो डोळ्यांना दिसत नाही. अवरक्त किरणांच्या निरीक्षणांनी १९९० च्या दशकात त्याची खात्री पटली.

दांडा म्हटले की कुऱ्हाडीचा दांडा डोळ्यांपुढे येतो. हा तसा घन नव्हे. खळ्यात तिवड्याभोवती मळणीचे बैल फिरत, ते वडीलधाऱ्यांना आठवत असेल. समजा, प्रत्येक बैल गोल न फिरता लांबट वाटेने फिरू लागला आणि सर्वांच्या वाटा एकाच दिशेस लांबट असल्या, तर झाडावरून पाहणाऱ्यास खळ्यात एक पट्टाच दिसेल. बैल मात्र अखंड चालत असतील. ताऱ्यांचे तसेच होते.

या वाटा एकाच दिशेस का लागाव्यात? प्रत्येक कक्षा स्वतःही सावकाश वळत असते, आणि प्रत्येकीची गती निराळी. त्या पांगावयास हव्या होत्या. परंतु केंद्राजवळ मागे पडलेल्या कक्षेस इतरांचे गुरुत्व पुढे ओढते, पुढे गेलेलीस मागे आवरते आणि सर्व एकत्र वळू लागतात, हे डोनाल्ड लिंडेन-बेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७९ साली मांडले. तारे एकमेकांवर आदळत नाहीत. वायूचे ढग मात्र आदळतात, गती गमावून केंद्राकडे उतरतात व तेथे नवे तारे जन्मतात.

अशी शिस्त लागण्यास फार काळ लागतो, असा समज होता. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत ‘अलकनंदा’ ही सर्पिल दीर्घिका शोधल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. विश्व अवघे १५० कोटी वर्षांचे असताना तिची तबकडी व भुजा तयार होत्या! त्या समजास अशा शोधांनी धक्का दिला आहे.

वर्गात हे दाखविण्यास उपकरण लागत नाही. तारेची आठ-दहा लांबट कडी करून एकावर एक, हवी तशी तिरकी ठेवावीत. वाटोळी आकृती दिसेल. मग ती एकेक वळवून एका दिशेस आणावीत.