यंत्राची शुश्रूषा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्य, संगीत आणि संतवाङ्मय या विषयांवर अधिकारवाणीने बोलणारे विद्वान या व्यासपीठावर येऊन गेले आहेत. आम्ही पदवीने कलाशाखेचे बी. ए.; परंतु केंद्र सरकारच्या सेवेत आमची तीसएक वर्षे निरनिराळ्या कार्यशाळांच्या सहवासात गेली. तेलाची मागणीपत्रके, सुट्या भागांची बिले आणि बंद पडलेल्या यंत्रांचे अहवाल हेच आमचे नित्याचे वाचन. तेव्हा धातू कापणारी यंत्रे आजारी का पडतात आणि त्यांची शुश्रूषा कशी करावी, याविषयी कारागिरांकडून जे शिकलो तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

या यंत्रांत आद्य मान लेथचा. आपल्याकडे कातारी लाकडावर काम करून पाळण्याचे खूर, लाटणी आणि भोवरे कातीत असे. फिरत्या लाकडावर तो हातातले हत्यार टेकवी. सुमारे १८०० साली लंडनच्या हेन्री मॉड्स्ले याने आटे पाडणारा लेथ सिद्ध केला आणि हत्यार हातात न धरता लोखंडी सरकत्या बैठकीवर आवळण्याची पद्धत त्याच्या यंत्रांमुळे रूढ झाली. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. हत्यार हातात होते तोवर चूक हाताची असे. ते यंत्रावर बसले त्या दिवसापासून चूक कोणाची, हे शोधून काढावे लागते.

आपल्या देशात हे यंत्र घडविण्याच्या कामी मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली आणि पुढे १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करची स्थापना होऊन तेथून लेथ बाहेर पडू लागले. १९५३ साली स्विस ओर्लिकोन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्स उभी राहिली. नीट जपलेला लेथ दोन-दोन पिढ्या चालतो. न जपलेला पाच वर्षांत म्हातारा होतो.

चूक कोणाची, हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो याचे एक उदाहरण सांगतो. कार्यशाळेचे आणि व्यक्तींचे नाव येथे घेत नाही. एका जुन्या, अनुभवी टर्नरवर हलगर्जीपणाचा आरोप ठेवण्यात आला. त्याने कातलेले दंडगोल एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक येत होते. बराच माल नापास झाला होता. आरोप सिद्ध झाला असता तर वेतनवाढ थांबली असती. सेवानिवृत्तीला थोडी वर्षे उरलेल्या माणसाच्या निवृत्तिवेतनावरही त्याचा परिणाम झाला असता. चौकशी समितीत दोघे तंत्रज्ञ होते आणि तिसरे आम्ही.

समितीतील वयोवृद्ध फोरमनने प्रथम टर्नरलाच विचारले, “माल बिघडू लागला त्याच्या आधी काय बदलले?” टर्नर म्हणाला, “साहेब, यंत्राची जागा बदलली. तेव्हापासून ते बिनसले आहे. मी दोनदा तोंडी सांगितले होते.” नोंदवही मागविली. नव्या यंत्राला जागा करण्यासाठी हा लेथ हलविल्याची नोंद तीत होती. हलविल्यानंतर त्याची पातळी पुन्हा साधल्याची नोंद नव्हती.

मग फोरमनने एक साधी कसोटी लावली. चकमध्ये एक जाड दांडा पकडला आणि टेलस्टॉकचा आधार मुद्दाम दिला नाही. दांड्यावर अंतर राखून दोन कडी ठेवली आणि दांडा वाकू नये म्हणून अगदी हलका काप देऊन, हत्यार न हलविता, दोन्ही कातली. मायक्रोमीटरने मोजले तर दोहोंच्या व्यासात फरक. टेलस्टॉक कामात नव्हताच, म्हणून तो निर्दोष ठरला. राहिला बेड, म्हणजे ज्यावर सारे सरकते ती बैठक. तिच्यावर आडवी स्पिरिट लेव्हल ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले, तेव्हा बुडबुडा एकीकडे मध्यावर आणि दुसरीकडे कडेला. बेडला पीळ पडला होता. एका पायाखालची पट्टी दबली होती आणि तेथील बोल्टचे चेकनट ढिले होते.

ओतीव लोखंडाची एवढी जड बैठक पिळते, यावर आमचा प्रथम विश्वास बसेना. परंतु कारखान्यात हिशेब मिलिमीटरच्या शतांशात चालतो आणि चांगली लेव्हल मीटरमागे ०.०२ मिलिमीटरचा उतार दाखविते. पातळी साधून बोल्ट आवळल्यावर तीच कसोटी पुन्हा घेतली. दोन्ही कडी सारखी आली. आरोप मागे घेण्यात आला आणि तो टर्नर त्याच लेथवर परत उभा राहिला. एका माणसाची अब्रू वाचविण्यास दोन कडी आणि एक बुडबुडा पुरेसा झाला.

त्या फोरमनची पद्धत आम्ही पुढे जागोजाग पाहिली. पाना उचलण्यापूर्वी यंत्र चालविणाऱ्याला विचारावे, कारण त्याच्या कानांना आवाजातला फरक सर्वांआधी कळतो. बिघाडाच्या आधी काय बदलले ते पाहावे. सोपे व स्वस्त कारण आधी तपासावे आणि यंत्र उघडण्याचे काम शेवटी ठेवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलून यंत्र सुधारले तर दुखणे कोणते होते ते कधीच समजत नाही.

यंत्र थरथरून कामावर लाटांसारख्या खुणा पडतात, तेव्हा नवशिक्या थेट स्पिंडलच्या बेअरिंगवर संशय घेतो. जाणता प्रथम पाहतो की हत्यार पकडीबाहेर किती आले आहे. बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली की त्याच जोराखाली हत्यार आठपट लवते. ते आत घेतल्यानेच पुष्कळदा थरथर थांबते. न थांबल्यास वेग कमी करावा, सरकत्या भागांच्या जिब पट्ट्यांतील ढिलाई काढावी आणि त्यानंतरच बेअरिंगकडे वळावे. दोन्ही टोकांना आधार दिलेले काम टेलस्टॉककडे जाड येत असेल, तर टेलस्टॉक मागे सरकला आहे का ते पाहावे. तो जितका सरकला असेल त्याच्या दुप्पट फरक व्यासात दिसतो. बेडची झीज बहुधा चकजवळ अधिक असते, कारण आखूड कामे तेथेच होतात.

आता रोजच्या शुश्रूषेविषयी. आपल्या भगिनींना हे अधिक पटेल. पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागते, हे घरातल्या बाईला कोणी सांगावे लागत नाही. वाटण नीट होईना की तिला ते समजते. लेथचेही तसेच आहे. पाळी संपली की कीस ब्रशने काढावा. दाबाच्या हवेने उडविल्यास तो सरकत्या भागांखाली शिरतो, आणि ओतीव लोखंडाचा भुगा तेलात मिसळला की त्याचे घासण्याचे मिश्रण होऊन बैठक झिजते. पुसून झाल्यावर तेलाचा पातळ थर द्यावा. कापताना वापरावयाचे तेलमिश्रित पाणी तयार करताना तेल पाण्यात ओतावे, पाणी तेलात नव्हे. नाहीतर ते नीट मिसळत नाही. सुटीनंतर त्याला दुर्गंधी येते, कारण वर तरंगणाऱ्या यंत्रतेलाच्या थराखाली हवा पोहोचत नाही आणि तेथे जंतू वाढतात. तो थर काढून टाकावा. एका पुलीवरच्या अनेक पट्ट्यांपैकी एक तुटली तर संच पूर्ण बदलावा, कारण नवी पट्टी आखूड असल्याने सारा भार तिच्यावर येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वीज तोडून कुलूप लावल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये. फिरत्या यंत्राजवळ सैल बाही किंवा हातमोजा घालू नये. झिजलेला बेड पुन्हा घासून सरळ करता येतो. गेलेले बोट परत येत नाही.

हे सारे स्वस्त आहे, तरी ते होत नाही. नवे यंत्र आले की फीत कापतात, छायाचित्र निघते. तेलाच्या डब्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. अंदाजपत्रकात काटछाट करावयाची झाली की पहिली कात्री देखभालीवर चालते, कारण तिचा परिणाम त्या वर्षी दिसत नाही. तो पुढे दिसतो, आणि तेव्हा दोष यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या माथी येतो. खंडेनवमीला किंवा इकडच्या विश्वकर्मा पूजेला आपण यंत्र धुऊनपुसून त्याला झेंडूची माळ घालतो. त्या दिवशी पुसता पुसता एखादी चीर किंवा ढिला बोल्ट कितीदा तरी सापडलेला आम्ही पाहिला आहे. पूजेतील ते पुसणे वर्षभर चालावे, एवढेच मागणे आहे.

आता संगणकाने चालणारी यंत्रे आली आहेत. बिघाड होताच पडद्यावर सूचना येते. परंतु सूचना लक्षण सांगते, कारण सांगतेच असे नाही. मोटरवर भार वाढल्याचे पडदा सांगतो. हत्यार बोथट झाले की तेल पोहोचत नाही की कीस अडकला, हे माणसालाच पाहावे लागते. म्हणून आपल्या मुलामुलींपैकी कोणी आय. टी. आय. किंवा पॉलिटेक्निककडे वळत असेल तर त्यास कमी लेखू नये. पाहण्याची, ऐकण्याची आणि नोंद ठेवण्याची ती विद्या आहे.

शेवटी कार्यकारिणीस एक विनंती. आपल्या सभागृहातील पाण्याचा पंप आणि महिला शाखेची शिवणयंत्रे यांच्याशेजारी एकेक वही दोरीने टांगावी. तेल कधी घातले, आवाज कधी बदलला, काय दुरुस्त केले, हे ज्याने पाहिले त्याने तारखेसह लिहावे. खर्च दोन वह्यांचा आहे. पुढे कधी बिघाड झाला तर कोणावर बोट दाखविण्याआधी वहीचे पान उघडता येईल.