उतरत्या पावसातला समुद्र

ऑगस्ट लागला, की रविवारला जोडून कुठली सुट्टी येते हे आपण आधी कॅलेंडरात पाहतो. ती सापडली, की पोरांचा ठराव तयारच असतो : समुद्रावर जाऊ या! त्यात कुणीतरी सांगतं, "आत्ता खोल्या स्वस्त आहेत, गर्दी नाही." कोल्हापूरकराचं मन लगेच घाट उतरू लागतं. उतरू द्या. पण खोली स्वस्त का झाली, एवढं विचारून घ्या.

ती स्वस्त होते, कारण समुद्रच त्या दिवसांत बंद असतो. नैर्ऋत्येचा वारा थेट आपल्या किनाऱ्यावर येतो. मालवणातून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत थांबतात, तारकर्लीचे पाण्यातले खेळही थांबतात. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. अशा वेळी ताटात पापलेट आलंच, तर ते बर्फातलं किती दिवसांचं, हे न विचारलेलं बरं!

खरी काळजी पाण्याची आहे. गणपतीपुळ्याला बुडण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. दर्शन होतं, पाणी गुडघाभर दिसतं, चौघे हात धरून उतरतात. तिथला तळ एकदम खोल जातो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. पंचगंगेत पोहायला शिकलेला माणूस इथं फसतो. समुद्राचं पाणी काठाकडे येतं ते रुंद फळी धरून, आणि परत जातं एखाद्या अरुंद वाटेनं. जिथं लाट फुटत नाही, पाणी शांत दिसतं, तीच बहुधा ही वाट. आणि नेमकी तीच जागा आपल्याला पोरांसाठी बरी वाटते. त्या ओढीत सापडलेला सरळ काठाकडे हात मारतो आणि दमतो. काठाला समांतर पोहून आधी ओढीबाहेर पडावं लागतं. पण हे माहीत असून उतरण्यापेक्षा न उतरणंच शहाणपणाचं.

मग श्रावणात जायचंच नाही काय? जावं, पण समुद्र पाहायला जावं, अंगावर घ्यायला नव्हे. त्यासाठी होडीवाचून पाहता येईल असं ठिकाण निवडा. विजयदुर्ग जमिनीला जोडलेला आहे. पायी आत जाता येतं आणि तटावरून उधाण दिसतं. रत्नागिरीचा रत्नदुर्गही तसाच. कुणकेश्वराचं देऊळ तर समुद्राला लागूनच आहे. श्रावणी सोमवारची गर्दी मात्र टाळा. जेवायला घावणे, टाकळ्याची भाजी, सुका बांगडा, आणि नशीब असेल तर चढणीचे मासे. ही चव मे महिन्यात मिळत नाही.

आता वाटेचं. आंबा, गगनबावडा, फोंडा, आंबोली, आपल्याला घाटांची कमतरता नाही. पण मोठ्या पावसात दरड कोसळली, की वाट अडते. त्यातून गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी येतं. सन २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळचा महामार्गसुद्धा पाण्याखाली गेला होता. म्हणून निघण्याच्या दिवशी राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहा. एकोणचाळीस फूट ही इशारा पातळी, त्रेचाळीस धोक्याची. पाणी एकोणचाळिसाकडे चढत असेल, तर बेत मोडा. जाता येईलही, परत येण्याची खात्री नाही.

कोरडाच समुद्र हवा असेल, तर पूर्वेला जा. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो; जुलै-ऑगस्टात तिथं ऊन असतं, आणि चांगलं चटकेही देतं. कोल्हापूरहून तिरुपतीला थेट रेल्वे आहे. बालाजीचं दर्शन घेऊन पुढं महाबलीपुरम गाठता येतं. पोहण्याच्या बाबतीत मात्र तो समुद्रही सौम्य नव्हे, आणि दोन दिवसांच्या सुट्टीत हे बसत नाही.

माझं मत विचाराल, तर अनंत चतुर्दशी आणि दसरा यांच्या मधले दिवस धरा. गणपतीत कोकणातलं घर न् घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं; तेव्हा जाऊन यजमानाला अडचणीत टाकू नका. विसर्जन झालं, की गाव रिकामं होतं. पाऊस उतरणीला लागलेला, होड्या सुरू झालेल्या, मासळी ताजी, भातं पोटरीत आलेली. दिवाळीच्या गर्दीला अजून महिना असतो. तो पंधरवडा पितरांचा, म्हणून पुष्कळजण बाहेर पडत नाहीत. आपल्या घरचं म्हाळ उरकून निघालं तर पितर काही रागावत नाहीत. अडचण एकच, पोरांची सहामाही परीक्षा तोंडावर असते. त्यांची पुस्तकं बरोबर घ्या, किंवा वेंगुर्ल्याला एकच रात्र राहा. आणि तिथंही पाण्यात पाय घालण्याआधी काठावर जाळं विणत बसलेल्या माणसाला विचारा, "काका, आज पाणी कसं आहे?" तो नको म्हणाला, तर वाळूत बसून भेळ खा.