सहा फुटी माणूस आणि चाळीस इंची गाडी



उंच माणसाला जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये आरामात बसता येतं का, हा विषय व्याख्यानमालेला जरा उपराच. संतसाहित्य आणि राज्यघटना यांच्यामध्ये त्याला जागा करून देणं म्हणजे लोकलमध्ये चौथी सीट देण्यासारखं आहे. एरवी लोक याचं उत्तर एका आकड्यात देऊन मोकळे होतात: पाच फूट दहा इंचांपर्यंत ठीक, सहा फुटांच्या पुढे नाद सोडा. मला हा आकडाच मान्य नाही. सहा फुटी, म्हणजे १८३ सेंटिमीटर उंचीच्या माणसाची बसलेली उंची साधारण ९५ सेंटिमीटर भरते. पण त्याच उंचीच्या दोघांपैकी एकाचं धड लांब आणि दुसऱ्याचे पाय लांब असले, तर बसल्यावर दोघांच्या टाळूत पाच सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. या गाड्यांमध्ये पाच सेंटिमीटर म्हणजे डोकं छताला घासणं किंवा न घासणं. लांब धडाचा माणूस छताखाली अडतो, लांब पायांचा स्टिअरिंगखाली. म्हणून उंची किती हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. या माणसाचं काय लांब आहे आणि या गाडीतलं काय हलत नाही, हे विचारलं तर लागतं.

हैदराबादकरांना या प्रश्नाची उलटी बाजू चारमिनारपासून चालत जाऊन पाहता येते. चौमहल्ला महालात निजामांची १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट मांडलेली आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी ती मागवली गेली, ती हातात येईपर्यंत राज्य उस्मान अली खान यांच्याकडे आलं होतं. मागच्या बाजूला सिंहासनासारखं उंच आसन आणि त्या आसनासाठी वर नेलेलं छत. आधी बैठक ठरली, मग गाडीची उंची. ही काही स्पोर्ट्स कार नव्हे, पण मराठी माणसाला जवळचं असं एक उदाहरण तर थेट वेगाच्या गाडीचंच आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे (१९०८-१९६१) मॅन रेच्या छायाचित्रांत आणि बुते द मोंव्हेलच्या चित्रांत सडसडीत, लांब हातापायांचे दिसतात. त्यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीचं एसजे चेसिस घेतलं आणि त्यावर लंडनच्या जे. गर्नी नटिंग यांच्याकडून केशरी-काळी, दोघांपुरती उघडी बॉडी बांधून घेतली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १५३ इंचांच्या वर आणि माणसं दोन! त्या काळी भारी गाड्यांचं चेसिस एका कारखान्यात होई आणि बॉडी दुसरीकडे. सीट किती मागे, स्टिअरिंग किती तिरपं, काच किती उंच हे गिऱ्हाईक आणि कोचबिल्डर यांच्यात ठरवता येई. उंच माणसाची अडचण स्पोर्ट्स कारबरोबर जन्माला आलेली नाही. गिऱ्हाइकाचं माप घेणं बंद झालं, तेव्हापासूनची ती आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जॅग्वार यांनी स्पोर्ट्स कार साच्यातून काढून हजारोंनी विकली, बरीचशी अमेरिकेत. आता माप कुणाचं घ्यायचं? कारखाना म्हणणार, सरासरी माणसाचं. हा सरासरी माणूस किती फसवा असतो याचा उत्तम पुरावा मोटारींच्या बाहेरचा आहे. १९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतली दहा मापं निवडून, या दहाही बाबतींत सरासरीच्या जवळपास बसणारे किती, हे मोजलं. उत्तर आलं शून्य. पुढे विमानाच्या कॉकपिटमध्ये सीट, पट्टे, पेडल सगळं मागेपुढे करता येईल असं होत गेलं. स्पोर्ट्स कारवाल्यांनी मात्र सीटला रुळावर चार-सहा खाचा दिल्या आणि काम झालं असं मानलं. पाठ बहुधा एकाच कोनात पक्की, स्टिअरिंग पक्कं, पेडल पक्की. इटलीच्या कित्येक गाड्यांत तर पेडल इतकी जवळ आणि स्टिअरिंग इतकं लांब की, हात लांब आणि पाय आखूड असलेला कुणी प्राणी डोळ्यांपुढे ठेवून ती बनवली की काय, अशी थट्टा होत आली आहे.

पण कारखान्यांच्या माथी बेपर्वाईचं खापर फोडून भागणार नाही. गाडी ठेंगणी करण्यामागे कारण होतं. हवेचा विरोध गाडीच्या आकारावर अवलंबून असतो, तसाच समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावरही. छत खाली आणलं की तेवढ्याच इंजिनात वेग वाढतो, आणि वजन जमिनीलगत राहिल्याने वळणावर गाडी धरून चालते. या विचाराचं टोक म्हणजे १९६० च्या दशकातली फोर्ड जीटी ४०. नावातला चाळीस हा तिच्या उंचीचा आकडा, इंचांत. चाळीस इंच म्हणजे १०१.६ सेंटिमीटर. त्यातून जमिनीपासूनची मोकळीक, तळाचा पत्रा, गादी आणि छताची जाडी वजा केली की ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटर उरतात, आणि आपल्या सहा फुटी माणसाला ताठ बसायला ९५ हवेत, वर हेल्मेट. मग त्याला मागे रेलावं लागतं. रेललं की कंबर पुढे सरकते, गुडघे डॅशबोर्डकडे जातात आणि उंचीचा प्रश्न लांबीचा होऊन बसतो. हाताला स्टिअरिंग दूर, पायाला पेडल जवळ. शर्यतपटू डॅन गर्नी सुमारे सहा फूट चार इंचांचा. १९६७ च्या ल मॉं शर्यतीसाठी फोर्डच्या मार्क फोर गाडीत तो हेल्मेट घालून मावेना, तेव्हा त्याच्या डोक्यापुरता छताला फुगवटा काढला. ए. जे. फॉयटच्या जोडीने त्याने ती शर्यत जिंकली. सगळं छत दोन इंच वर नेलं असतं तर वेगाची किंमत मोजावी लागली असती. अडचण डोक्याएवढ्या जागेची होती, उपायही तेवढ्याच जागेचा झाला.

गाडीचा आकार आणि आतली जागा यांचं नातंही समजतो तसं सरळ नाही. मर्सिडीज ३०० एसएल (१९५४) बाहेरून चांगली ऐसपैस. पण तिचा सांगाडा बारीक नळ्यांचा, आणि तो ताठ राहावा म्हणून नळ्या दारांच्या जागेतून वर नेलेल्या. म्हणून दारं पंखांसारखी वर उघडणारी, खालची कड मांडीएवढी उंच, आणि आत शिरताना पाय अडू नयेत म्हणून स्टिअरिंगचं चाक बिजागरीवर दुमडणारं. १९५७ च्या उघड्या गाडीसाठी सांगाडा बदलून ती कड खाली आणावी लागली. याच्या उलट एमजीबी. आधीच्या एमजीए गाडीत चाकांमधलं अंतर ९४ इंच, १९६२ च्या एमजीबीत ९१. म्हणजे गाडी आखूड झाली, तरी आतली जागा वाढली. कारण एमजीएच्या तळाशी वेगळं चेसिस होतं, तर एमजीबीत पत्र्याची बॉडी हेच चेसिस झालं आणि आडव्या-उभ्या पट्ट्यांनी खाल्लेली जागा माणसाला मिळाली. सहा फुटांवरच्या माणसाने परवडणारी ब्रिटिश गाडी शोधायची तर सुरुवात इथून करावी, असं मी बिनदिक्कत सांगेन. जॅग्वार ई-टाइपचं उदाहरण आणखी बोलकं आहे. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात ती आली तेव्हा जग तिच्या रूपावर भाळलं, पण सुरुवातीच्या गाड्यांचा तळ सपाट होता. टाच टेकवायला खोली नाही, त्यामुळे लांब पायाचा गुडघा वर, थेट स्टिअरिंगला. वर्षभरातच कंपनीने पायांपाशी तळ खोल केला. १९६६ मध्ये मागे दोन छोट्या सीटची गाडी काढताना चाकांमधलं अंतर ९६ इंचांवरून १०५ वर नेलं, आणि १९७१ च्या तिसऱ्या मालिकेत उघड्या गाडीलाही तीच लांबी दिली. म्हणजे ‘ई-टाइपमध्ये मी मावेन का’ या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. कोणत्या वर्षाची, हे आधी सांगावं लागतं. दर्दी लोक पहिल्या वर्षाच्या सपाट तळाच्या गाड्यांना जास्त भाव देतात. उंच माणसाने तरी त्या बघून सोडून द्याव्यात.

आता गाडीत बसून अगदी जवळून पाहू. स्टिअरिंगचं चाक आणि गादी यांच्यामधल्या फटीत मांडी मावायला हवी, आणि नुसती मावून भागत नाही. उजवा पाय अॅक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर न्यायचा तर गुडघा वर येतो. तो चाकाला अडला, तर आरामाचा प्रश्न बाजूला राहतो आणि ब्रेक लागण्याचा उरतो. ही चाकं मोठी, कारण पॉवर स्टिअरिंग नव्हतं आणि मोठ्या चाकाने कमी जोर लागतो. सोळा इंचांच्या जागी चौदा इंचांचं चाक बसवलं, तर मांडीला एक इंच जागा मिळते आणि चाक फिरवायला साधारण चौदा टक्के जास्त जोर लावावा लागतो. गादीतला जुना भरणा काढून पातळ फोम घातला, तर डोक्याला इंचभर मिळतो, पण मग सीट आणखी खाली गेल्याने गुडघा वर येतो. एकीकडे सोडवलं की दुसरीकडे अडतं. त्यातही गिअरबॉक्सवरचा उंचवटा पेडलना एका बाजूला ढकलतो आणि रुंद बुटाखाली दोन पेडल एकदम दाबली जातात. अशा वेळी गाडीवर खर्च करण्याआधी पातळ तळव्याचे, अरुंद बूट घ्यावेत. याहून स्वस्त दुरुस्ती मोटारींच्या दुनियेत नसेल.

यावर पहिला आक्षेप असा, की १९९६ च्या सुमारास जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी उंची १६५ सेंटिमीटर, मग हे दळण कुणासाठी? सरासरीचं काय होतं ते डॅनियल्सने दाखवलंच आहे. शिवाय पक्क्या मापाची गाडी बुटक्या माणसालाही सोडत नाही. सीट पुढे ओढून क्लच तळाला न्यावा, तर चाक छातीला टेकतं. दुसरा आक्षेप, गर्नीसारखे उंच लोक शर्यती जिंकलेच की! जिंकले, पण गाडीत बदल करून. आणि शर्यतीच्या दुनियेत उंचीचा दंड अगदी अलीकडेपर्यंत चालू होता. उंच माणूस वजनदार, म्हणून त्याची गाडी तेवढी जड. २०१९ मध्ये फॉर्म्युला वनने चालक आणि सीट मिळून किमान ८० किलो वजन ठरवलं, तेव्हा कुठे उंच चालकांची वजन घटवण्यासाठीची उपासमार थांबली.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: जुनी गाडी हा वारसा आहे, आपल्या गुडघ्यांसाठी तिला हात लावण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? हा आक्षेप मला अर्धा पटतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नियम केले. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं असलेली खास नोंदणी हवी असेल, तर गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे सपाट तळाच्या ई-टाइपचा पत्रा कापून पायांना खोली करून घेणाऱ्याने कागदोपत्रीही पायावर धोंडा पाडून घेतला. पण गादी, बोल्टने बसवलेलं स्टिअरिंगचं चाक, सीटच्या रुळाखालची पट्टी या गोष्टी पान्याने निघतात आणि पान्यानेच परत बसतात. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाच्या २०१३ च्या तूरिन सनदेचाही रोख हाच आहे, की बदल अटळ असेल तर तो उलटवता यावा. मूळ चाक आणि मूळ गादी कोरड्या जागी जपून ठेवावी, पुढचा मालक पाच फूट सहा इंचांचा निघू शकतो. आणि शुद्धतावाद्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की गर्नीच्या डोक्यासाठी काढलेला तो फुगवटा आज अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड संग्रहालयातल्या गाडीवर तसाच आहे. तो ठोकून सपाट करा असं कुणी म्हणत नाही.

राहता राहिला व्यवहार. २०२१ च्या त्या नियमांनुसार ही खास नोंदणी घेतलेली गाडी रोज दामटायची नसते. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. मग तासाभरासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पण रॅली म्हणजे मोकळा रस्ता नव्हे. हैदराबादच्या नेकलेस रोडवर गर्दीतून गाडी मुंगीच्या पावलाने न्यायची, तर डावा पाय क्लचवर सतत वरखाली होतो, आणि मोडलेल्या कोनातल्या लांब पायाला सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. त्यात इंजिनाची धग पायांपाशी येते. म्हणून उंच गिऱ्हाइकाने गाडी घेण्याआधी ती टप उतरवून, सावलीत, पाच मिनिटं बसून पाहू नये. टप चढवायला लावावा आणि दारं लावून बसावं. टप उतरवल्यावर डोकं काचेच्या वर निघतं, तेवढं वारं खाऊन निभावतं. पण चढवल्यावर कापडाखालची पट्टी नेमकी डोक्यावर येते आणि काचेची वरची चौकट डोळ्यांच्या रेषेत, मग सिग्नल पाहायला मान वाकवावी लागते. हैदराबादेत पाऊस वेळ सांगून येत नाही. मग क्लच तळापर्यंत दाबून वीस वेळा गिअर बदलावा, ब्रेकवर पाय न्यावा, चाक दोन्ही बाजूंना पुरतं फिरवून गुडघा कुठे लागतो ते पाहावं. लांब धडाच्या माणसाला टप चढवलेल्या बहुतेक छोट्या ब्रिटिश गाड्या नकोच म्हणतील. लांब पायांच्या माणसाचं मात्र निम्म्या गाड्यांत जमून जाईल, फक्त वर्ष आणि तळ पाहून घ्यावा.