‘आढावा’ नव्हे, ‘जुळणी’

‘स्क्रम’ हा रग्बीच्या मैदानावरचा शब्द. ताकेउची आणि नोनाका यांनी १९८६ साली उत्पादन-विकासाला रग्बीची उपमा दिली. सदरलँड आणि श्वाबर यांनी १९९५ मध्ये स्क्रम ही सॉफ्टवेअरची कार्यपद्धती म्हणून जाहीरपणे मांडली. आपले बऱ्हाणपूरचे विद्यार्थी पुण्या-इंदूरला नोकरीला लागले, की हा शब्द त्यांच्या कानी पडतोच. घोडे अडते ते वरच्या साहेबांपाशी, आणि त्यात आपल्या मराठी प्रतिशब्दांचाही हात आहे.
रोजच्या १५ मिनिटांच्या भेटीला ‘आढावा बैठक’ म्हटले, की साहेब हजेरी घेऊ लागतात. वास्तविक ती भेट काम करणाऱ्यांची आपसातली. दिवसाचे काम तेच ठरवतात. मी तिला ‘रोजची जुळणी’ म्हणेन. साहेबांनी मत द्यावे ते स्प्रिंटच्या अखेरीस, म्हणजे फार तर महिन्याने, तयार काम समोर ठेवून.
‘स्क्रम मास्टर’ची गत याहून वाईट. आपल्याकडे मास्तर म्हणजे छडी! हा तर मागावरचा मुकादमही नव्हे, अडथळे दूर करणारा माणूस. ‘वाटाड्या’ म्हणावे. कामांचा क्रम मात्र लावतो ‘प्रॉडक्ट ओनर’. त्याला ‘मालक’ म्हटले, तर खरे मालक रुसतील. पण क्रम बदलायचा असेल, तर त्यांनीही त्याच्याकडेच जायचे असते.