पाणी प्यायला भिणाऱ्या बायका

उन्हाळी लागली म्हणून दवाखान्यात आलेल्या बाईला मी आधी विचारते, दिवसभरात पाणी किती पिता? कामाला जायचं म्हणून पुष्कळजणींनी सकाळपासून पाणी टाळलेलं असतं. उसाचा फड, आठवडी बाजार, एसटीचा लांबचा प्रवास. लघवीला जायला धड आडोसा नाही, मग पाणीच नको!

स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा साधारण २०. आतड्यात राहणारे ई. कोलाय जंतू तेवढं अंतर सहज चढून मूत्राशयात पोचतात. भरपूर लघवी झाली की ते धुऊन जातात. तासन्‌तास धरून ठेवली की त्यांना वाढायला वेळ मिळतो. मूत्राशयाचा असा संसर्ग वारंवार होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्या जणी वर्षभर रोज दीड लिटर जादा पाणी प्यायल्या. बाकीच्यांच्या तुलनेत त्यांना संसर्ग जवळपास निम्म्याच वेळा झाला.

पण नुसतं ‘पाणी प्या’ म्हणून कसं चालेल? ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं उभारायला सांगितलं. माझ्या लेखी तो आरोग्याचाच निकाल आहे.

आता घरातली आजी. रात्री उठताना पडेन या धास्तीनं तीही पाणी तोडते. त्यात पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं आणि तिथले राखण करणारे जंतू घटतात. यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानं लावायचं मलम मिळतं. संकोचापायी ते कुणी मागतच नाही. आजोबांची प्रोस्टेट वाढली असेल तर लघवी आत साचून राहते.

म्हातारपणी संसर्ग झाला तरी जळजळ होईलच असं नाही. माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कारण लघवीतच असेल असंही नाही; रक्तातलं सोडियम उतरलं तरी असंच होतं. उलट कसलीच तक्रार नसताना केवळ रिपोर्टात जंतू दिसले म्हणून वृद्धांना अँटिबायोटिक देऊ नये. गरोदर बाईची गोष्ट वेगळी, तिला उपचार हवेतच.

मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या मात्र कुणीच घेऊ नका. त्रास पुन्हापुन्हा होत असेल तर पहिल्या गोळीआधी लघवीचं कल्चर करून घ्या. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. तिथे घरगुती उपायांत वेळ दवडू नका.

आजीच्या खाटेशेजारी कमोडची खुर्ची ठेवा, रात्री दिवा राहू द्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. नसेल तर संध्याकाळपर्यंत तिच्या हातात तांब्या देत राहा.