टीप कुणाच्या खिशात जाते?

आजचा विषय रोजच्या खिशातला आहे. हॉटेलात ठेवायची टीप.

समजा, बिल आलं ६४० रुपये. तुम्ही ७०० ठेवले, बडीशेप तोंडात टाकली आणि उठलात. वरचे ६० रुपये कुणाचे? तुम्ही म्हणाल, हे काय विचारणं झालं, वेटरचे! पण नेहमीच तसं नसतं. पैसे वेटरच्या हातात पडले, तरी फायदा मालकाचा होऊ शकतो. कसा, ते आज बघू.

सुरुवात अमेरिकेपासून करू, कारण तिथे हा हिशोब उघडपणे कायद्यातच लिहिलेला आहे. तिथला केंद्रीय किमान पगार तासाला ७.२५ डॉलर, २००९ पासून तेवढाच. पण टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेले ५.१२ डॉलर टिपेतून यावेत अशी अपेक्षा. टीप कमी पडली, तर फरक मालकाने भरायचा.

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला हा सरळ एक फॉर्म्युला दिसतो. इनपुट बदलून बघा. टीप शून्य असेल, तर मालक देणार ७.२५ आणि वेटरला मिळणार ७.२५. आता गिऱ्हाइकांनी तासाला ३ डॉलर टीप दिली असं धरा. मालक देणार ४.२५ आणि वेटरला मिळणार... पुन्हा ७.२५! म्हणजे ते ३ डॉलर वेटरच्या हातात आले, पण वाचले मालकाचे. प्रत्यक्षात हिशोब आठवड्याचा धरतात, पण गणित हेच. पहिले ५.१२ डॉलर भरेपर्यंत तुमची टीप म्हणजे मालकाला दिलेली सवलत असते. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा काही राज्यांनी ही सूट ठेवलेली नाही. तिथे पूर्ण किमान पगार मालकाने द्यायचा आणि टीप त्याच्यावर. बाकी बऱ्याच ठिकाणी ती कमी-जास्त प्रमाणात आहेच.

हाच फॉर्म्युला पुढे अ‍ॅपमध्येही शिरला. डोअरडॅश या तिथल्या डिलिव्हरी कंपनीवर २०१९ मध्ये मोठी टीका झाली. प्रत्येक ऑर्डरला ठरावीक रकमेची हमी होती आणि गिऱ्हाइकाने दिलेली टीप त्या हमीतच धरली जायची. कंपनीला ती पद्धत बदलावी लागली, आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलसोबतच्या तडजोडीत १.६७५ कोटी डॉलर द्यायचं कबूल करावं लागलं. कोडच्या दृष्टीने एका ओळीचा प्रश्न. टीप हमीच्या आत धरायची की बाहेर? त्या एका ओळीवर हजारो लोकांची कमाई ठरत होती.

आता आपल्याकडे या. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या केसमध्ये निकाल दिला. मामला इन्कम टॅक्सचा होता. टिपेवर मालकाने पगारासारखा टीडीएस कापायचा का? कोर्ट म्हणालं, टीप गिऱ्हाईक देतं, मालक नाही, म्हणून ती पगार धरता येत नाही. मला यातला विचार फार महत्त्वाचा वाटतो. टीप पगार नसेल, तर ती दाखवून पगार कमी कसा करता येईल?

पण व्यवहारात होतं काय? माझा मामा वीस वर्षं मुंबईत वेटर होता. नोकरीला लागताना शेठ काय म्हणाला, ते तो अजून सांगतो. "पगार एवढाच. राहणं-खाणं आपलं. वर टीप मिळतेच की!" हे वाक्य म्हणजे अमेरिकेचाच फॉर्म्युला, फक्त तोंडी. महाराष्ट्रात हॉटेल कामगारांसाठी किमान वेतन सरकार ठरवतं. ते द्यायलाच हवं. पण ज्याचा झोपायचा पलंगही हॉटेलच्या माळ्यावर आहे, तो शेठपुढे कायदा काढणार कसा?

मामा अजून एक सांगतो. टीप रात्री डब्यात जमा व्हायची आणि वाटली जायची. मागे भांडी घासणाऱ्या पोराला त्यातलं काही मिळायचं नाही. गिऱ्हाइकाला तो दिसायचाच नाही ना! टिपेचा हा दुसरा दोष. जो दिसतो त्यालाच मिळते, आणि किती मिळणार ते समोरच्याच्या मूडवर.

मग हॉटेलवाले म्हणतात, म्हणूनच आम्ही सर्व्हिस चार्ज लावतो, किचनलाही वाटा मिळतो. ऐकायला बरं वाटतं. पण सर्व्हिस चार्ज हॉटेलच्या खात्यात जमा होतो, आणि पुढे तो कुणाला किती गेला हे बिलावर कुठेच दिसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये नियम काढला की तो बिलात आपोआप लावायचा नाही. हॉटेलांच्या संघटना कोर्टात गेल्या. २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने नियम योग्य ठरवला. सक्ती नाही, टीप स्वखुशीने. त्यामुळे बिलावर सर्व्हिस चार्ज दिसला, तर काढायला सांगा. ऐकलं नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि हो, जीएसटी हा वेगळा, तो सरकारचा कर. त्यावर वाद घालू नका.

"पगार वाढवला तर डोसा महाग होईल," असं कुणी म्हणेल. होईल. पण किती? समजा, एक वेटर दिवसाला ६० बिलं सांभाळतो, महिन्याचे २६ दिवस. झाली १,५६० बिलं. त्याचा पगार ३,००० रुपयांनी वाढवायचा, तर प्रत्येक बिलामागे दोन रुपयांहून कमी. त्याच्या मागे किचनमधली तीन माणसं धरा, त्यांनाही तेवढीच वाढ द्या. तरी बिलामागे आठ रुपयांच्या आत! ५०० च्या बिलावर हे दीड टक्का. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या ओळखीच्या हॉटेलचे टाकून बघा. हे आठ रुपये मेन्यूच्या दरातच असावेत असं माझं म्हणणं. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे दरातच धरलेले असतात. जपानमध्ये तर टीप ठेवली, तर लोक गोंधळतात.

आता आपला यूपीआय. आधी सुटे परत यायचे, त्यातले दहा-वीस ताटलीत राहायचे. आता बिल ६४० तर पेमेंट बरोबर ६४०. आणि तुम्ही ७०० स्कॅन केलेत, तर सगळे गल्ल्याच्या खात्यात. पुढे ते ६० वेटरपर्यंत पोचतात की नाही, ते शेठच्या मर्जीवर. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच आहे की टिपेतला एक पैसाही मालकाने कापायचा नाही, सगळी कामगारांना द्यायची. आपल्याकडे असं काही झालं, तर मला आवडेल.

तोवर काय करायचं? मी काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. फोनच्या कव्हरमध्ये वीस-पन्नासच्या नोटा ठेवतो आणि टीप हातात देतो. देताना विचारतो, "दादा, हे तुम्हालाच मिळतात ना?" उत्तर बरंच काही सांगून जातं. जेवण उशिरा आलं म्हणून टीप कापत नाही. तो राग किचनचा, नाहीतर कमी माणसांत हॉटेल चालवणाऱ्या मालकाचा, वेटरचा नव्हे. आणि सर्व्हिस चार्ज काढायला लावला, तर ते वाचलेले पैसे घरी नेत नाही.

टीप बंद करा, असं मी म्हणत नाही. आज बंद केली, तर आधी वेटर उपाशी राहील, शेठ नाही. पण टीप दिली म्हणजे आपलं काम संपलं, असंही नाही. टीप ही आपली खुशी. पगार हा त्याचा हक्क, आणि तो मालकाने द्यायचा.

तुमच्या घरात कुणी हॉटेलात काम केलं असेल, तर त्यांना विचारा, तिथे टीप कशी वाटली जायची, आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकू. भेटूया!