वायर जाते कुठून?



“तू नक्की काय काम करतेस गं?” असं सकाळपासून दहा जणांनी विचारलंय. त्यातलं एक थोडक्यात सांगते.

संगणकांच्या जाळ्याचे दोन नकाशे असतात. एक वायरींचा: कोणती वायर कुठून निघते आणि कुठे जोडली जाते. ही फिजिकल टोपॉलॉजी. दुसरा निरोपांचा: माहिती कोणाकडून कोणाकडे जाते. ही लॉजिकल टोपॉलॉजी. दोन्ही नकाशे सारखे असतातच असं नाही.

आयबीएमच्या ‘टोकन रिंग’मध्ये सगळ्या वायरी मधल्या एका पेटीत येत, चांदणीच्या आकारात. निरोप मात्र गोल फिरे. टोकन ज्याच्याकडे, त्यानेच बोलायचं. इथरनेटचा हबही दिसायला चांदणीच, पण एकाचा निरोप सगळ्यांच्या दारात जायचा. पुढे हबच्या जागी स्विच आला. वायरी तशाच राहिल्या, पण निरोप ज्याचा त्याला मिळू लागला.

हा फरक परीक्षेपुरता नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं. कागदावर त्या दोन वेगळ्या केबल होत्या. समुद्रात मात्र दोन्ही त्याच भागातून जात होत्या. म्हणून कोणी “आमच्याकडे जादा लाइन आहे” म्हटलं, की मी विचारते, “ती जाते कुठून?”

आता आपल्या बॅचकडे बघा. व्हॉट्सॲपवर सगळे सगळ्यांशी जोडलेले दिसतो. पण आज इथे आलेल्या बहुतेकांना एकाच मैत्रिणीने फोन करकरून आणलंय. जे ग्रुपवर नाहीत, त्यांचे नंबर फक्त तिच्या वहीत आहेत. सर-बाईंच्या तब्येतीची खबरही तिच्याकडूनच कळते. ती आपली मधली पेटी आहे. उद्या तिला जमेनासं झालं, तर ग्रुप राहील, पण ही माणसं आपल्यापासून तुटतील.

तिच्यासाठी टाळ्या वाजवूच. पण जेवणानंतर प्रत्येकाने तिच्या वहीतले दोन नंबर उतरवून घ्या, आणि या महिन्यात त्या दोघांना स्वतः फोन करा. तेवढ्या वायरी आपल्या आपण टाकू.